ऐकणं आणि तपासणं

"ताई, तुम्ही माझं वाक्य ऐकत नाही, तपासताय."

काल तालमीत समोरचा मुलगा हे बोलला. हळूच, नजर खाली घालून. एकांकिका मीच बसवतेय आणि त्यातल्या त्याच्या आईची भूमिकाही मीच करतेय. त्याच्या वाक्यांबरोबर माझे ओठ हलतात, असं तो म्हणाला. कॅरमवर सोंगट्या फुटल्या की हात जसा आपोआप पुढे जातो, तसं माझं तोंड त्याच्या शब्दांमागे जात होतं. मला पत्ताच नव्हता.

रात्री झोप लागेना. विजया मेहता डोक्यात होत्या. १९६० मध्ये 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी करणाऱ्या बाई. 'हमीदाबाईची कोठी' हे नाटक बसवलं त्यांनीच आणि हमीदाबाईही त्याच. 'बॅरिस्टर' नाटकातली मावशीही तशीच. पुढे त्यावरून १९८५ मध्ये 'रावसाहेब' सिनेमा केला, तोही स्वतःच्याच दिग्दर्शनात, आणि त्यातल्या मावशीसाठी सहाय्यक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

मध्यरात्री पुन्हा 'रावसाहेब' लावला. फक्त मावशी बघितली, तीसुद्धा समोरचा बोलत असतानाची. फ्रेम, प्रकाश, बाकीच्यांची कामं, सगळ्याची जबाबदारी त्याच बाईंवर. पण मावशीच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नाही. ती फक्त ऐकतेय.

हे मला फार मोठं वाटतं. नुसत्या हुशारीनं हे होत नाही. समोरच्या नटावर तेवढा विश्वास लागतो.

आज तालमीत वही बॅगेतच ठेवली. तो बोलला, मी ऐकलं. एक वाक्य चुकला बहुतेक.

तुमच्यापैकी कुणी दिग्दर्शन आणि अभिनय दोन्ही एकत्र केलंय? कसं जमवता?