स्टेला मारिस: मोंतेविदेओतली आयरिश शाळा

उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ. तिथल्या कारास्को भागात १९५५ साली आयर्लंडहून आलेल्या, ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाच्या ब्रदर्सनी ही कॅथलिक शाळा काढली. शिक्षण स्पॅनिश आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ब्रदर्सचा रग्बीचा आग्रह. फुटबॉलवेड्या देशात त्यांनी मुलांच्या हाती लंबगोल चेंडू दिला. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. बाजूला किंवा मागे, सोबत्याकडेच द्यावा लागतो. एकट्याच्या कसबावर तिथे फारसं निभत नाही.

माजी विद्यार्थ्यांचा ओल्ड ख्रिश्चन्स क्लब १९६२चा. त्याच क्लबच्या रग्बी संघाला चिलीला नेणारं विमान १३ ऑक्टोबर १९७२ रोजी अँडीज पर्वतात कोसळलं. ४५ जणांपैकी १६ जण वाचले. सुटका व्हायला ७२ दिवस लागले.