माळावरचे नऊ होल

डिस्क गोल्फ, म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती फेकून खेळायचा गोल्फ, शिकायला सपाट जागा बरी, असं भाचा म्हणाला. आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूला सपाट जागेला काय तोटा! भात कापून झालं की राजहंसगडापर्यंत नजर कुठे अडत नाही. पण शेतात खेळायची सोय नाही. भातामागून मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात, आणि दुसऱ्याच्या पिकात चकती शोधत फिरलं तर काय ऐकावं लागेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून गावाबाहेरचा माळ धरला. मधोमध पोरांचं क्रिकेटचं पिच, कडेला चार-दोन आंबे, बाकी वाळकं गवत आणि शेळ्या.

हिशेब गोल्फचाच. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, डिस्क फेकायची, पडेल तिथून पुढची फेक, आणि बास्केटमध्ये जाईपर्यंत किती फेकी लागल्या ते मोजायचं. ज्याच्या कमी, तो जिंकला. खरी बास्केट लोखंडी खांबावर असते, काठ जमिनीपासून साधारण ८२ सेंटीमीटरवर. वर साखळ्या लोंबतात. डिस्क त्यांच्यावर आपटते, वेग मरतो आणि ती खाली पडते. ही युक्ती एड हेड्रिक या अमेरिकन माणसाची. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात त्याने पहिला कायमचा कोर्स मांडला, तेव्हा तिथेही नुसते खांबच होते. साखळ्या मागाहून आल्या. हे ऐकून मला धीर आला.

आमच्याकडे साखळ्या नव्हत्या, बुट्ट्या (टोपल्या) होत्या. माळ्यावरची जुनी बुट्टी बांबूला बांधून पाहिली, तर डिस्क आत जाऊन तशीच उसळून बाहेर. वेग मारायला काही नको का? मग नियम केला: बुट्टीला, बांबूला, कशालाही लागली तरी होल झाला. काही बुट्ट्या, काही आंब्याचे बुंधे, एक डांबराचा रिकामा पिंप, असे नऊ होल जमले. पोरांनी विजेचा खांब सुचवला होता, तो मी तिथल्या तिथे रद्द केला.

अंतर पावलांनी मोजलं. नवख्याला पन्नास-साठ मीटर पुरे. सगळे होल पार तीनचे, म्हणजे तीन फेकींत व्हायला हवेत असे.

आणि इथेच सपाट जागेची मेख आहे. झाडी असेल, चढ असेल, तर अंतराचा अदमास येतो. मोकळ्या माळावर साठ मीटरवरची बुट्टी हाताशी असल्यासारखी वाटते, आणि आता एका फेकीत पोचवतेच म्हणून हात आपसूक जोर लावतो. जोर लावला की डिस्कचं पुढचं टोक वर उचललं जातं. ती आभाळात चढते, थबकते आणि डावीकडे घसरत भलत्याच ठिकाणी उतरते. भाच्याचं सकाळपासून एकच पालुपद: "मावशी, नाक खाली!" नाक म्हणजे डिस्कचं. ते सपाट ठेवून, निम्म्या जोराने, छातीच्या उंचीवरून सोडली तर तीच डिस्क गवतावरून तरंगत लांब जाते. कमी जोरात जास्त लांब, हे मला पटायला वेळ लागला. अजून हाताला पूर्ण पटलेलं नाही.

त्याने तीन डिस्क आणल्या होत्या: लांबच्या फेकीची ड्रायव्हर, मधल्या अंतराची मिडरेंज आणि जवळच्या फेकीची पटर. तिन्ही साधारण २१ सेंटीमीटर रुंद, म्हणजे घरच्या फ्रिस्बीपेक्षा लहान आणि हाताला जड. ड्रायव्हरचा काठ पातळ, धारेचा. पोरांचा डोळा अर्थातच तिच्यावर. पण ती सरळ जायला फार वेग लागतो, तो नसेल तर लगेच डावीकडे वळते. म्हणून ड्रायव्हर पिशवीत, आणि अख्खा कोर्स पटरवर. माझं ऐकाल तर नवख्याने एकच डिस्क विकत घ्यावी, आणि ती पटर.

डावीकडे वळणं हा मात्र डिस्कचा धर्मच. उजव्या हाताने, अंगासमोरून बाहेर अशी बॅकहँड फेकली की ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आणि वेग संपता संपता डावीकडे कलते. म्हणून नेम बुट्टीच्या जरा उजवीकडे धरायचा. सगळे होल असे निघाले, फक्त पाचवा निघेना. तिथे आंब्याचा विस्तार बरोबर डावीकडे, आणि डिस्क दरवेळी त्याच्या फांद्यांत.

सोडवला तो शेळ्यांमागच्या म्हाताऱ्याने. बराच वेळ काठीवर रेलून बघत होता. शेवटी जवळ येऊन कानडीत म्हणाला, "एन्री अक्का इदु?" म्हणजे हे काय, अक्का? मी म्हटलं, "आटा री," खेळ आहे, आणि पटर त्याच्या हातात दिली. त्याने ती बॅकहँड धरलीच नाही. शेळीच्या पुढे खडा टाकावा तशी कमरेजवळून, मनगटाच्या झटक्याने सोडली. झाडाला वळसा घालून डिस्क उजवीकडे वळली आणि पिंपाच्या अलीकडे उतरली. फोरहँड. उलटी फिरते, म्हणून उलटी वळते. भाचा बघतच राहिला. म्हाताऱ्याला फारसं काही वाटलं नाही, शेळ्या हाकत गेला.

दहा वाजले की वारा सुटतो, मग वेगळाच खेळ. समोरून वारा असला की नाक जरासं उचललेलं चालत नाही, डिस्क पतंग होते. पाठीमागून असला की उलट, ती लवकर खाली बसते, तेव्हा थोडी उंच सोडायची. सकाळी लवकर गेलेलं बरं. क्रिकेटवाले यायच्या आत होल उरकतात हा दुसरा फायदा. ते आले की पुढे माणूस असताना फेकायचं नाही, हा नियम मी सगळ्यात आधी लावला. पावणेदोनशे ग्रॅमची चकती कुणाच्या कानशिलात बसली तर खेळ तिथेच संपला.

जवळच्या फेकींना पोरं अंपायर. बास्केटपासून दहा मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरेपर्यंत, डिस्क पडली होती तिथल्या खुणेच्या पुढे पाय टाकायचा नाही. खुणेला आम्ही बाटलीचं टोपण ठेवतो. "काकू, पाय पुढं गेला की!" एवढं बारीक लक्ष यांचं अभ्यासात का नसतं, देव जाणे. दंड मात्र मी भरला. पारच्या जवळपासही आले नाही, पण शेवटचे दोन होल तीन-तीनमध्ये निघाले.

पावसाळ्यात माळावर गवत वाढतं, तेव्हा हे बंद. तोवर कुणाला मांडायचं असेल तर डिस्क लाल किंवा निळी घ्या. भाच्याची मिडरेंज पिवळी आहे. वाळक्या गवतात ती शोधण्यात गेलेला वेळ खेळण्यापेक्षा जास्त भरेल.