४०७ कॅम्परची पहिली ट्रिप: कोल्हापूर ते कुणकेश्वर

जुनी गाडी रिस्टोर केली, रंकाळ्याला एक चक्कर मारली, फोटो काढले की काम संपलं असं बरेच जण समजतात, मला ते पटत नाही. गाडी किती जमलीय ते पहिल्या लांबच्या रस्त्यावर कळतं, आणि तो रस्ता घरापासनं फार लांब नको पण त्यात घाट पाहिजेच, आणि गाडी पूर्ण भरलेली पाहिजे. म्हणून टाटाच्या ४०७ ट्रकवर बांधलेल्या आमच्या कॅम्परची, म्हणजे चाकांवरच्या घराची, पहिली ट्रिप गोवा नाही, हंपी नाही, तर राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून देवगडजवळ कुणकेश्वर, आणि येताना करूळ घाट चढून गगनबावड्यावरनं घरी, अशी ठरवली.

गाडी १९९१ ची. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, ४०७ काढली १९८६ ला, तेव्हा डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान अशा जपानी भागीदारीतल्या चार छोट्या ट्रकांसमोर ही आपल्या इंजिनिअरांनी केलेली गाडी उभी राहिली आणि टिकली, आज त्या चारांपैकी किती रस्त्यावर दिसतात बघा. आमचे आप्पा अशाच गाडीवर गुळाच्या ढेपा आणि दुधाचे कॅन वाहत आले आयुष्यभर, त्यामुळं एका गूळ व्यापाऱ्याकडं ही पडून आहे कळल्यावर मी दुसरा विचारच केला नाही. सरकारी नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांपुढची गाडी, २०२१ पासनं तसा नियम आहे, म्हणजे कागदावर हिला अजून बरीच वर्षं आहेत, पण आमच्यासाठी ती आत्ताच आहे.

रिस्टोरेशनचं सगळं काम शिवाजी उद्यमनगरात. कोल्हापूरला राहून अशी गाडी करायची तर बाहेर जायची गरजच नाही, क्रँक ग्राइंडिंग, लायनर-पिस्टन, पंप कॅलिब्रेशन, पाटे म्हणजे स्प्रिंगा, पत्रा सगळं हाकेच्या अंतरावर. बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला ते हेच गाव, इथं माणसाला वस्तू खोलून बघायची भीती वाटत नाही. इंजिन मूळचंच ठेवलं, ४९७, म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिमीचा बोअर, २९५६ सीसी, टर्बो वगैरे काही नाही. मागचा लाकडी हौदा काढला आणि त्या जागी अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर खोली बांधली, एसटीसारख्या सरकत्या खिडक्या, केबिनच्या वर झोपायची जागा, खाली ओटा आणि बाकडं. आणि हो, कुणी असं करणार असाल तर आधी आरटीओत जा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यात बदल करायचा तर परवानगी लागते, खर्च करून झाल्यावर जाऊ नका.

आता वजनाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. बॉडी बांधायला लागल्यावर प्रत्येक जण सुचवतो, हे टाक ते टाक, ग्रॅनाइटचा ओटा कर, मोठा फ्रिज बसव. आप्पा एवढंच म्हणाले, "रिकामी गाडी खोटं बोलती. भरून काट्यावर घाल, मग बघू." मग पाणी, गॅस, अंथरूण, भांडी, आम्ही तिघं, सगळं घेऊन मार्केट यार्डाजवळच्या काट्यावर गेलो. आधी पुढची चाकं एकटी काट्यावर, मग पूर्ण गाडी, वजाबाकी केली की मागच्या एक्सलवर किती येतंय ते कळतं. १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, ती टाकी मागं टांगली तर पुढचं टोक हलकं होतं आणि वळणावर स्टिअरिंग पोकळ लागतं, म्हणून ती मागच्या एक्सलच्या पुढं, चासीला लागून, आत आडव्या पट्ट्या घालून बसवली म्हणजे ब्रेक मारल्यावर पाणी एकदम पुढं धावत नाही. पाटेसुद्धा मिस्त्रीमामांनी या वजनाला धरून बसवले, मालाच्या हिशोबाचे पूर्ण पाटे ठेवले असते तर आतल्या बश्या पहिल्याच खड्ड्यात गेल्या असत्या. आणि गॅसच्या कप्प्याला भोक खालच्या बाजूला ठेवलंय, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो, वरच्या खिडकीचा त्याला उपयोग नाही.

निघालो पहाटे. पुईखडी, वाशी, हळदी, परिते. सीझन चालू होता, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागंच जावं लागतं, ओव्हरटेकची घाई करायची नाही, पण ४०७ ला तसंही ५० च्या आसपासच गोड वाटतं, गुऱ्हाळांचा वास येतोय, बायकोनं भडंगाचा डबा काढलेला, आप्पा खिडकीला हात टेकून इंजिन ऐकत बसलेले. राधानगरीला धरणाच्या लक्ष्मी तलावाजवळ थांबलो. शाहू महाराजांनी १०० वर्षांपूर्वी एका संस्थानाच्या ताकदीवर एवढं धरण हातात घेतलं हे तिथं उभं राहिलं की प्रत्येक वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं, आणि गावाला लेकीचं नाव दिलं, राधाबाईंचं. धरणावर मला कितीही वेळ थांबता येतं.

दाजीपूरच्या चढाला गाडी आचके द्यायला लागली, मग बंदच पडली. बाहेर डिझेलचा एक थेंब नाही. आप्पा खाली उतरले, "हवा धरली." टाकीकडनं फीड पंपाकडं येणाऱ्या लायनीतला एक क्लिप हादऱ्यानं ढिला झाला होता, त्या बाजूला पंप डिझेल ओढत असतो त्यामुळं बाहेर गळत नाही, उलट आत हवा शिरते, म्हणून ते डोळ्याला दिसत नाही. क्लिप आवळला, फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, मी हातपंप मारत बसलो, आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल आलं की स्क्रू टाइट, सेल मारला, सुरू! गावात सपाट रस्त्यावर ही भानगड कधीच दिसली नसती. जुनी डिझेल गाडी घेऊन निघताना पाने, दोन-चार क्लिपा आणि हातभर पाइप सोबत असलाच पाहिजे आणि हवा काढता आलीच पाहिजे, हे आता मी प्रत्येकाला सांगतो. दाजीपूर अभयारण्यात कुठंही गाडी लावून झोपता येत नाही, गव्यांचं जंगल आहे ते आणि २०१२ पासनं जागतिक वारशातही आहे, तिथले नियम पाळायचेच, म्हणून चहा पिऊन पुढं.

फोंडा घाटात आप्पांनी स्टिअरिंग घेतलं. ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम, त्यांनी दुसरा टाकला आणि ब्रेकला पाय फक्त वळणाच्या आधी लावला. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे मी बघितलेत, ते फार वाईट, ड्रम तापले की ब्रेक पकडत नाहीत. उतरून खाली ड्रमजवळ हात नेऊन बघितलं, चारी चाकं सारखीच कोमट. एकच चाक जास्त तापलं असतं तर तिथं ब्रेक धरून राहतोय असं समजायचं. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त बॉनेटवर थाप मारली, आणि मला काय बरं वाटलं ते सांगता येत नाही.

कुणकेश्वरला देवळापासनं जरा लांब, विचारून गाडी लावली, वाळूत अजिबात नेली नाही, मागं जोडचाकं असली तरी एवढं वजन वाळूत रुतलं तर ट्रॅक्टरच बोलवायचा. संध्याकाळी आत पिठलं-भाकरी, लसणाची चटणी, खिडक्या उघड्या. बायको म्हणाली, घरापेक्षा इथलं किचन बरं पडतं, सगळं हाताशी. रात्री आईला व्हिडिओ कॉल केला, ती म्हणाली, "पुढच्या टायमाला मी पण येतो हं, मला वरच्या बेडवर झोपायचंय."

येताना तळेरे, वैभववाडी, करूळ. चढाला टेम्परेचरचा काटा बघत बसलो, इंजिनच्या कव्हरवरनं केबिनात चांगलीच ऊब येते, पण काटा मधोमधच राहिला, रेडिएटरची जाळी नवी केल्याचं सार्थक झालं. घरी आल्या आल्या गोड्या पाण्यानं चासी खालनं धुतली, खारा वारा पत्रा खातो.

आता कपाटांच्या कड्या बदलायच्यात, घाटात त्या उघडत होत्या, आणि मागं पाट्यांच्या बुशातनं किरकिर येतेय ती मामांना दाखवायचीय. टपाचे जोड गळतात का ते मात्र नुसत्या पाइपच्या पाण्यानं कळणार नाही, त्यासाठी जूनमध्ये आंबोली, आईला घेऊन.