चार ब्रश, दोन गाल

माझ्याकडे दाढीचे चार ब्रश आहेत. दाढी एकच, आणि तीही मी एक दिवसाआड करतो. त्यामुळे घरात या विषयावर जे बोललं जातं ते मी निमूट ऐकून घेतो. मूळ प्रश्न एवढाच: ब्रशाब्रशांत खरंच फरक असतो का, आणि असला तर तो दाढीत दिसतो का?

एक डुकराच्या केसांचा, सगळ्यात स्वस्त. दुसरा कृत्रिम तंतूंचा, तिसरा घोड्याच्या केसांचा. चौथा बॅजर नावाच्या एका रानटी प्राण्याच्या केसांचा, 'सिल्व्हरटिप' असं नाव मिरवणारा. त्याची किंमत पहिल्याच्या वीसपट. पहिल्याची किंमत बायकोला माहीत आहे, चौथ्याची नाही.

बरीच वर्षं मी डब्यातला आयता फोम वापरायचो. मानेवर पुरळ यायला लागलं तेव्हा साबण-ब्रशकडे वळलो आणि आधी स्वस्तातला, म्हणजे डुकराच्या केसांचा ब्रश आणला. पहिल्या दिवशी तो भिजवला तर न्हाणीघरात ओल्या जनावराचा वास सुटला. केस इतके राठ, की गालावर फिरवताना भांडी घासल्यासारखं वाटत होतं. फेसही होईना, जो व्हायचा तो ब्रशच गिळून टाकायचा. आठवडाभरात मी त्याला मोडीत काढला आणि 'एकदाच काय ते चांगलं घेऊ' म्हणत बॅजर मागवला. हे 'एकदाच काय ते' म्हणणं मला आयुष्यात नेहमीच महाग पडलं आहे.

चूक ब्रशची नव्हती, माझी होती. डुकराचा केस पाणी पितो. वापरण्याआधी त्याला तीन-चार मिनिटं पाण्यात ठेवावं लागतं, आणि मी तर त्याला नुसता नळाखाली धरत होतो. दुसरं म्हणजे हा ब्रश वापराने घडतो. पुढे कधीतरी बॅजर वाळत होता म्हणून मी नाइलाजाने पुन्हा तोच घेतला, मग अधूनमधून घेत राहिलो. दोनेक महिन्यांनी एक केस भिंगाखाली धरून पाहिला. टोकाशी त्याला दोन फाटे फुटले होते, शेजारच्याला तीन. म्हणजे बुंधा ताठ तो ताठच, पण गालाला लागणारी टोकं मऊ. राठपणा गेला, ताकद राहिली. दुकानात हात फिरवून या ब्रशची पारख करणं म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल पायात घालून लगेच 'चावते' म्हणण्यासारखं आहे.

बॅजरला हे सोपस्कार लागत नाहीत. त्याचा केस मुळातच टोकाकडे निमुळता होत जातो. मधे काळा पट्टा, वर फिकट टोक. चांगला कारागीर झुपका बांधताना ही टोकं कापत नाही. केस साच्यात उलटे ठेवून, दाबून, ठोकून त्याला गोलाई देतो आणि मग बुडाशी बांधतो. स्वस्तातल्या बॅजरमध्ये कधीकधी बांधून झाल्यावर वरून कात्री लावून आकार दिलेला असतो. कापलेलं टोक बोथट होतं, आणि बोथट टोक टोचतं. महाग ब्रशमध्ये तुम्ही ज्याचे पैसे मोजता त्यातली खरी, हाताला जाणवणारी गोष्ट ही. बाकी पुष्कळसे पैसे मुठीचे असतात.

आणि नावांचे. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा बॅजरच्या प्रती सांगतात. ही नावं कोणत्याही एका मापदंडाला बांधलेली नाहीत. एका कंपनीचा 'सुपर' दुसरीकडे 'बेस्ट' म्हणून विकला जाऊ शकतो. ज्या धंद्यात 'बेस्ट' ही खालून दुसरी पायरी असते, तिथे लेबल वाचून काय कळणार? त्यापेक्षा दोन आकडे विचारावेत: झुपक्याचा बुडाशी व्यास किती आणि मुठीवरची केसांची उंची किती. माझ्या बॅजरचा व्यास २६ मिलिमीटर, उंची ५४. तेच केस मुठीत थोडे खोल बसवले की ब्रश कडक होतो, वर ठेवले की लुळा पडतो. माझा लुळा होता. शिवाय इतका दाट, की चार जणांची दाढी होईल एवढा फेस पोटात ठेवायचा आणि मला द्यायचा चमचाभर.

घोड्याच्या ब्रशबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आयाळ आणि शेपटीचे केस, त्यासाठी जनावर मारावं लागत नाही, कामाला डुकर आणि बॅजर यांच्या मधला. पण त्याचा इतिहास भयंकर आहे. पहिल्या महायुद्धाआधी बॅजरचे केस मोठ्या प्रमाणावर रशियातून यायचे. युद्धात तो पुरवठा आटला आणि घोड्याचे केस रंगवून बॅजरसारखे दिसणारे ब्रश बाजारात आले. त्यातले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्या ब्रशने दाढी करणाऱ्या सैनिकांना आणि साध्या नागरिकांना अँथ्रॅक्स हा जनावरांपासून होणारा जीवघेणा रोग झाला, काही दगावले. १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदीच घातली. आता केसांवर नीट प्रक्रिया होते, घाबरायचं कारण नाही. पण मी हे कौतुकाने घरी सांगितलं आणि तेव्हापासून माझा घोडा बेसिनवर दिसला की उचलून आत ठेवला जातो.

कृत्रिम ब्रशबद्दल माझा ग्रह वाईट होता. जुने नायलॉनचे ब्रश मी पाहिले होते. पाणी धरत नाहीत आणि फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. आताचे वेगळे आहेत. तंतू बारीक, टोकाला निमुळते, भिजवायची गरज नाही, वास नाही, झटकून ठेवला की काही तासांत कोरडा. जनावराचा प्रश्नही मिटतो. एकच खोड: तंतूंना स्प्रिंगसारखी उसळी असते. जोरात फिरवला की फेसाचे ठिपके आरशावर.

आता मूळ प्रश्न. एका रविवारी मी खुर्चीत डोळे मिटून बसलो आणि बायकोला म्हटलं, चारही ब्रश एकेक करून गालावर फिरव, क्रम तुझ्या मनाने. मी चारही अचूक ओळखले. खरं सांगायचं तर त्यात काही मर्दुमकी नव्हती. बॅजर म्हणजे गरम, ओला, जड काहीतरी गालावर टेकतं. डुकराचा खाजवतो, पण हवाहवासा. फरक नाही म्हणणाऱ्यांनी मला शिकवू नये. फरक आहे आणि डोळे मिटूनही कळतो.

मग दुसरा भाग. उजव्या गालावर बॅजरचा फेस, डाव्यावर डुकराचा. साबण एकच, ब्लेड नवं, दोन्हीकडे एक सुलटा हात, एक उलटा हात. तोंड धुतलं आणि बायकोसमोर चेहरा पुढे केला. तिने बोटांची मागची बाजू दोन्ही गालांवरून फिरवली, पुन्हा फिरवली.

"सारखंच आहे. आणि अरे, हनुवटीखाली दोन्हीकडे राहिलंय."

दाढीचा केस मऊ होतो तो पाण्याने, दोन-तीन मिनिटं ओला राहिल्याने. ब्रशचं काम साबणात पाणी आणि हवा घुसळून तो फेस केसांच्या बुडापर्यंत पोचवायचा. ते काम सवयीचा झालेला कोणताही ब्रश करतो. मी इतकी वर्षं ज्याला ब्रशचा दोष समजत होतो तो बहुतेक वेळा पाण्याचा होता: फेस कोरडा राहायचा. आता गालावर फेस लावून झाला की ब्रशचं फक्त टोक पाण्यात बुडवतो, पुन्हा फिरवतो, फेसाला ओली चकाकी येईपर्यंत दोन-तीनदा हेच. पाणी जड असेल तर साबण थोडा जास्त घेतो.

मानेवरचं पुरळही याच सुमारास गेलं. त्याचं श्रेय मी ब्रशला द्यायचो. पण त्याच दिवसांत मी ब्लेड दाबणंही सोडलं होतं.

वीसपट किमतीच्या ब्रशचं पुढे काय झालं तेही सांगतो. आठव्या महिन्यात फेस करता करता झुपका मुठीतून सुटून हातात आला. विक्रेत्याला कळवलं, तर उलट प्रश्न आला: मुठीसकट गरम पाण्यात बुडवून ठेवत होतात का? ठेवत होतो. डिंक सुटला. बदलून मिळणार नाही. मग मीच मुठीतला जुना डिंक खरवडला, दोन ट्यूब मिसळून करायचा इपॉक्सी आणला आणि झुपका परत बसवला. खरवडताना खड्डा जास्तच खोल झाला, त्यामुळे झुपका तीन मिलिमीटर आत गेला. म्हणजे उंची ५१. लुळेपणा गेला. पहिल्यांदाच तो ब्रश मला मनापासून आवडायला लागला.

तरी रोजच्याला हात जातो तो डुकराच्याच ब्रशकडे. बॅजर रविवारचा, आणि प्रवासाच्या पिशवीत कृत्रिम. कोणी विचारलंच तर मी पहिला ब्रश म्हणून डुकराच्या केसांचाच, २४ मिलिमीटरचा घ्यायला सांगतो. घोडा अजून आत आहे.