श्रेयनामावली संपेपर्यंत

मागच्या महिन्यात साताऱ्याहून ताईचा फोन आला. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला होता, आणि तोही ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमासाठी. नट व्हायचे आहे किंवा दिग्दर्शक व्हायचे आहे असे तो म्हणाला असता, तर ताईने नाइलाजाने का होईना, ते समजून घेतले असते, पण "आवाजाचे शिक्षण घेऊन कोणाचे पोट भरते का रे? तिथून बाहेर पडलेल्या मुलांचे पुढे होते तरी काय?" हा तिचा प्रश्न होता आणि तो तिने मनापासून, काळजीने विचारला होता. फोनवर मला तिला धड उत्तर देता आले नाही. जे सांगायचे राहून गेले, ते येथे सविस्तर लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी मी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट मिळून चालवतात तो चित्रपट रसास्वादाचा उन्हाळी अभ्यासक्रम केला होता. सकाळी व्याख्याने, दुपारी चर्चा आणि रात्री उशिरापर्यंत चित्रपट, असा तो भरगच्च महिना होता. तेथे शिकवणाऱ्या एका अध्यापकांचा कटाक्ष असा, की चित्रपट संपला तरी पडद्यावरचे शेवटचे नाव सरकून जाईपर्यंत कोणीही जागेवरून उठायचे नाही. पहिले दोन-चार दिवस आमची चुळबुळ होत असे, कारण श्रेयनामावली सुरू झाली की खुर्च्या वाजवत उठायचे, हीच आपल्याकडची रीत आहे. महिना संपता संपता मात्र मी ती नावे वाचू लागलो आणि ठरावीक नावे ठरावीक नावांच्या शेजारी पुन्हापुन्हा येतात, हे माझ्या ध्यानात आले. ताईच्या प्रश्नाचे उत्तर या शेजारात आहे, असे मला वाटते.

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि कंपनीचे काम थांबल्यानंतर तिच्या आवारात १९६० साली भारत सरकारने ही संस्था सुरू केली, हे पुणेकरांना पाठ असते. संस्थेचा विषय निघाला की लोक नटनट्यांची नावे घेतात आणि त्यात वावगे काही नाही. जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी ही मंडळी तेथेच शिकली आणि अलीकडच्या राजकुमार राव आणि जयदीप अहलावत यांनीही तेथेच धडे गिरवले. पण संस्थेच्या शिक्षणाचा कणा वेगळाच आहे. दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी आणि संकलन या चार शाखांतील एकेक विद्यार्थी एकत्र येतो आणि ते चौघे मिळून आपला पदविका चित्रपट करतात. चौघांपैकी कोणा एकाचे काम फसले तर चौघांचाही चित्रपट फसतो. ऐन विशीत ज्याच्याबरोबर रात्र रात्र भांडून एखादे दृश्य जमवले, त्याच्यावर पुढे आयुष्यभर भरवसा टाकता येतो, आणि तेथील पदवीधरांची कारकीर्द बहुतेक वेळा या भरवशावर उभी राहिलेली दिसते.

'जाने भी दो यारो' हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत झालेला हा १९८३ चा चित्रपट. दिग्दर्शक कुंदन शाह, छायालेखक बिनोद प्रधान, संकलक रेणू सलुजा, निर्मितीची व्यवस्था पाहणारे विधू विनोद चोप्रा, पडद्यावर नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि सतीश शाह: हे सगळे एकाच संस्थेतून आलेले. शेवटचा महाभारताचा प्रवेश आठवून पाहा. साडी नेसवलेले प्रेत द्रौपदी म्हणून रंगमंचावर उभे आहे, ज्याला त्याला ते पळवायचे आहे आणि प्रत्येक जण जो हाताला लागेल तो पोशाख चढवून नाटकात घुसतो आहे. त्या प्रवेशातला दुःशासन म्हणजे स्वतः चोप्रा. इतका गोंधळ चालू असताना कोण कोठे उभा आहे, कोणाला काय हवे आहे आणि प्रेक्षकाने आता कोणाच्या चेहऱ्याकडे पाहायचे, याबद्दल आपला क्षणभरही घोटाळा होत नाही. ही सफाई संकलनाच्या टेबलावरची आहे, आणि मी जितक्या वेळा तो प्रवेश पाहतो तितक्या वेळा रेणू सलुजांच्या हाताला दाद देतो.

त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे. त्यांना खरे तर दिग्दर्शन शिकायचे होते. तेथे प्रवेश मिळाला नाही म्हणून त्या संकलनाकडे वळल्या. पुढे 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चित्रपटांच्या संकलनासाठी त्यांना चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००० साली त्या अकाली गेल्या. त्याच वर्षी आलेल्या चोप्रांच्या 'मिशन कश्मीर'चे संकलन राजकुमार हिराणी यांनी केले होते. हिराणी मूळचे नागपूरचे. तेही याच संस्थेत संकलन शिकलेले, पण कितीतरी नंतरच्या तुकडीत. तीन वर्षांनी त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'मुन्नाभाई एमबीबीएस' आला, तेव्हा निर्माते म्हणून चोप्राच पाठीशी होते. वर्तमानपत्रांत अशा वेळी एका माणसाच्या यशाची बातमी येते, पण त्यामागे तुकड्यातुकड्यांमधून चालत आलेला असा एक धागा असतो.

छायालेखकांची परंपरा तर याहून जुनी आहे. के. के. महाजन १९६६ साली पदविका घेऊन बाहेर पडले आणि १९६९ मध्ये आलेला 'भुवन शोम' त्यांनी टिपला. त्यानंतर मणी कौल यांचा 'उसकी रोटी' आणि कुमार शहानी यांचा 'माया दर्पण' हे चित्रपटही त्यांनीच टिपले. कौल आणि शहानी हे दोघे संस्थेत बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांच्या हाताखाली शिकलेले. घटकांचा संस्थेतील काळ अगदी थोडा होता, पण आवारातल्या ज्या आंब्याच्या झाडाखाली ते मुलांना घेऊन बसत, त्या झाडाला आजही विद्यार्थी 'विज्डम ट्री' म्हणूनच ओळखतात. १९७४ च्या '२७ डाउन'चे छायालेखक ए. के. बीर हेही येथलेच. तो चित्रपट मी संग्रहालयाच्या पडद्यावर पाहिला. बोरीबंदरचा रिकामा फलाट दिसतो, गाडी आत शिरते आणि ती थांबते न थांबते तोच माणसांचा लोंढा असा उसळतो की क्षणभरात फलाट दिसेनासा होतो. मुंबईच्या लोकलने ज्याने वर्षानुवर्षे प्रवास केला आहे, त्याच्या छातीत ते कृष्णधवल दृश्य पाहताना धस्स झाल्यावाचून राहत नाही. या कामासाठी बीर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ते अगदी तरुण होते.

बाहेरच्या प्रांतांतून येथे येऊन, शिकून परत आपल्या भाषेत गेलेल्यांचे कार्य मला विशेष मोलाचे वाटते, कारण मुंबईत थांबून नाव कमावण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढेही होताच. अदूर गोपालकृष्णन शिक्षण संपवून केरळात परतले, मित्रांबरोबर त्यांनी 'चित्रलेखा' ही फिल्म सोसायटी सुरू केली आणि १९७२ मध्ये 'स्वयंवरम' केला. पुढे त्यांना २००४ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. गिरीश कासारवल्ली पदविका घेऊन कर्नाटकात गेले आणि १९७७ च्या 'घटश्राद्ध' या पहिल्याच कन्नड चित्रपटाला त्यांनी सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळवून दिले. असे सुवर्णकमळ त्यांना एकूण चार वेळा लाभले आहे. आसामात जाह्नू बरुआ यांनी हेच केले.

मराठीपुरते बोलायचे तर उमेश कुलकर्णी यांचे नाव आधी घ्यावे लागते. 'गिरणी' हा त्यांचा विद्यार्थिदशेतला लघुपट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोहोचला आणि 'देऊळ'ला २०११ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, दुसऱ्या एका चित्रपटाबरोबर विभागून, मिळाला. 'देऊळ'चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी हेही संस्थेचेच विद्यार्थी. ज्यांनी पुढे 'सैराट' टिपला आणि 'नाळ' दिग्दर्शित केला, तेच हे. तेलुगू मातृभाषेच्या माणसाने मराठी गावाचा, नदीचा आणि लहान मुलाच्या मनाचा इतका जवळून ठाव घ्यावा, याचे मला फार अप्रूप आहे. अविनाश अरुण यांनी छायालेखन शिकून 'किल्ला' केला, तोही स्वतःच टिपला, आणि २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला 'क्रिस्टल बेअर' दिले. कोकणातला पाऊस आपण शेकडो चित्रपटांत पाहिला असेल, पण बदलीच्या गावी आलेल्या एकाकी मुलाला तो पाऊस कसा दिसतो, हे मला 'किल्ला'मुळे कळले.

आता भाच्याच्या विषयाकडे येतो, म्हणजे आवाजाकडे. रसूल पूकुट्टी केरळातल्या कोल्लम जिल्ह्यातील एका खेड्यातून आले, १९९५ साली संस्थेतून ध्वनीची पदविका घेऊन बाहेर पडले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलिनेअर'साठी त्यांनी ऑस्कर स्वीकारले. पुरस्कार ध्वनिमिश्रणाचा होता आणि तो इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासमवेत मिळाला होता. पण मुंबईच्या गल्ल्यांत, स्थानकांवर आणि वस्त्यांत प्रत्यक्ष उभे राहून आवाज टिपण्याचे काम पूकुट्टींचे होते. हे काम काय असते, याची कल्पना येण्यासाठी भर दुपारी धारावीच्या तोंडाशी दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहावे. रिक्षांचे भोंगे, पत्र्यावर पडणारा हातोडा, कोणाच्या तरी घरातला दूरदर्शन संच, पाण्यासाठी चाललेला कलकलाट. या सगळ्यातून एका मुलाच्या तोंडचे वाक्य स्वच्छ उचलायचे आणि तरीही भोवतालची मुंबई पुसून टाकायची नाही. हे कसब कानाचे आणि धीराचे आहे, आणि ते शिकवणाऱ्या जागा आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

२०२४ चा मे महिना संस्थेशी नाते असलेल्या कोणालाही विसरता येणार नाही. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला फ्रान्समधील कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तेथील दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक, मिळाले. महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोहोचला होता. त्याआधीचा चित्रपट होता १९९४ चा 'स्वहम्', आणि त्याचे दिग्दर्शक शाजी करुण हेही पुण्यातच छायालेखन शिकलेले. कपाडियांचे छायालेखक रणबीर दास हे त्यांचे संस्थेतील सहकारी. या चित्रपटात मुंबईत परिचारिकांबरोबर काम करणारी पार्वती घर सोडावे लागल्यावर रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते, ती भूमिका छाया कदम यांनी केली आहे. एसटीतून उतरून समुद्राकाठच्या घराकडे चाललेल्या बायका आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत. त्याच महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागातले पहिले पारितोषिक म्हैसूरचे डॉक्टर चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांच्या लघुपटाला मिळाले. दूरचित्रवाणी शाखेच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात त्यांनी तो केला होता. येथेही चौकडी होतीच: छायालेखन सूरज ठाकूर, संकलन मनोज व्ही. आणि ध्वनी अभिषेक कदम. छायालेखक संतोष सिवन यांना त्याच वर्षी कानमध्ये छायालेखनासाठीचा पिएर आंजेन्यू सन्मान मिळाला. तेही येथलेच.

या संस्थेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की तेथे मुले फार वर्षे काढतात. अभ्यासक्रम रखडतात, संप होतात. २०१५ मधला विद्यार्थ्यांचा संप तर १३९ दिवस चालला होता आणि कपाडिया त्याच पिढीतल्या. वेळेत शिक्षण पूर्ण व्हावे ही पालकांची अपेक्षा रास्त आहे आणि रखडण्याचे समर्थन मी करणार नाही. पण चौघांची मने जुळायला, एकमेकांच्या कानांवर आणि डोळ्यांवर विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ वाया गेला असे हिशेबाच्या वहीत मांडू नये, इतके मी आग्रहाने म्हणेन.

गेल्या रविवारी ताई आणि भाचा माझ्याकडे आले होते. जेवण झाल्यावर मी 'गिरणी' लावला. आई घरातच पिठाची गिरणी थाटते, त्या यंत्राचा घरघराट घरभर भरून राहतो आणि लहान मुलाला तो नकोसा होतो, एवढाच त्याचा जीव आहे. साताऱ्याला आमच्या लहानपणच्या घराच्या भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी होती. लघुपट सुरू झाल्यापासून ताई पडद्याकडे कमी आणि खाली जमिनीकडे जास्त पाहत होती. मध्येच ती म्हणाली, "पट्टा सैल झाला की आपल्याकडेही अस्साच आवाज यायचा. बाबा ओरडायचे, आठवतं?" मला आठवत होते. लघुपट संपला, नावे सरकू लागली, आणि मी नेहमीप्रमाणे गप्प बसून राहिलो. ताईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भाच्याला म्हणाली, "थांब, मागे घे जरा. हा आवाज ज्याने घेतला, त्याचे नाव कुठे येते?"