तुम्ही विचारलंत म्हणून: नवं दार मुद्दाम जुनं का करता?

दार बसवून झालं की कोणीतरी जवळ येतं, कडीभोवतीच्या उडालेल्या रंगावर बोट फिरवतं आणि विचारतं, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग सरळ जुनंच दार का नाही आणत?" जरा परखड माणूस असेल तर म्हणतो, ही फसवणूकच झाली की.

जुन्या दाराचं आधी सांगतो. ते ज्या चौकटीसाठी घडलेलं असतं ती चौकट तुमच्या घरात नसते. उंची कमी भरते, कापायला जावं तर सांधे उघडे पडतात, कुठे पीळ पडलेला असतो, कुठे आतून कीड लागलेली. हे सगळं निभावून नेता येतं, पण रंगाचं काय? पूर्वी तेलरंगांत सर्रास शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगांमधून ते १९७८ मध्ये हद्दपार झालं, अनेक देशांत तर त्याहूनही उशिरा. म्हणजे जे सुटलेले पोपडे बघून आपण हरखतो, तेच लहान मुलांच्या घरात सगळ्यात धोक्याचे. आणि अशा रंगावर कोरडा पॉलिश पेपर मारणं तर नकोच नको, ती धूळ श्वासातून थेट आत जाते.

आता फसवणुकीचं. हे दार शंभर वर्षांचं आहे असं मी कोणाला सांगत नाही. बांधणी सरळसरळ नवी असते आणि नवीच असायला हवी. उभ्या फळ्या, मागून दोन-तीन आडव्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी तिरपी पट्टी, एवढाच साधा प्रकार. तिरप्या पट्टीचं खालचं टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचं टोक कडीच्या बाजूला हवं. मग दाराचं वजन त्या पट्टीतून दाबाने खालच्या बिजागरीकडे उतरतं. उलटी लावली तर सगळा ताण खिळ्यांवर येतो आणि काही काळाने दार कडीच्या बाजूने झुकून जमिनीला घासायला लागतं. शोभेसाठी उलटी लावलेली ही पट्टी बघितली की माझं पुढच्या रंगकामाकडे लक्षच जात नाही.

फळ्या एकमेकींना सरसाने चिकटवायच्या नाहीत. एकीच्या कडेला जीभ, दुसरीला खाच, आणि मध्ये हलायला जागा. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, पण रुंदीत दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. दीडशे मिलिमीटर रुंदीची फळी ऋतूंच्या फेऱ्यात सहज एखाद-दोन मिलिमीटर कमीजास्त होते. म्हणून जोडणीच्या आधीच जिभा रंगवून घ्यायच्या. नाहीतर कोरड्या दिवसांत प्रत्येक फटीतून कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ डोकावते आणि सगळं सोंग उघडं पडतं.

मग जुनेपणा येतो कुठून? इथेच बहुतेकांचं बिघडतं. साखळीने झोडपायचं, पॉलिश पेपर सगळ्या अंगावर सारखा फिरवायचा, ड्रिलने किडीची भोकं पाडायची. किडीची भोकं तर करूच नयेत. खरी कीड बहुधा खोडाच्या बाहेरच्या कडेचं फिकट, कोवळं लाकूड धरते. ड्रिलवाला मात्र मोकळी जागा दिसेल तिथे नेम धरतो. वर घरात येणारा प्रत्येक जण विचारतो, आत अजून काही जिवंत आहे का.

माझा नियम एकच: रंग जिथे गेलाय तिथे तो का गेला, याचं उत्तर मला देता आलं पाहिजे. कडीभोवती हात लागतात. तळाशी पाय लागतात, पाणी उडतं, केरसुणी घासते. बाहेरच्या दारावर छज्जा असेल तर वरचा भाग सावलीत राहतो आणि ऊन-पाऊस खालच्या अर्ध्याला झोडपतो, म्हणून वरचा रंग गडद आणि खालचा विटका. बिजागरीच्या पट्टीखाली कोणाचाच हात पोचत नाही, तिथे रंग नव्यासारखा शाबूत हवा. फटींमध्ये आणि खाचांमध्ये रंग टिकतो, उंचवट्यांवरून जातो. एवढं आधी खडूने दारावर आखून घेतलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं हाताचं. आधी तारेच्या ब्रशने नसांच्या दिशेने घासायचं. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला वाढलेलं मऊ लाकूड निघून जातं, नंतरचं कठीण लाकूड उंचवट्यासारखं उरतं. पाइनसारख्या लाकडात हे फार छान दिसतं. मग करडेपणा. व्हिनेगरमध्ये स्टील वूल, म्हणजे पोलादाच्या बारीक तारांचा गुंता, भिजत ठेवलं की लोखंड त्यात विरघळतं. ते पाणी लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याला भेटलं की लाकूड काळपट-करडं होतं. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, पाइनमध्ये नाही, म्हणून पाइनवर आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्यायचा. लाकूड भिजताना फार काही दिसत नाही, रंग नंतर चढतो. आधी नको असलेल्या तुकड्यावर करून बघावं.

त्यावर पहिला रंग, जो नंतर फक्त डोकावणार आहे. तो वाळला की खडूने आखलेल्या जागी मेणबत्ती घासायची आणि मग पाण्यातला वरचा रंग. मेणावर रंग धरत नाही. वाळल्यावर बोथट पट्टीने खरवडलं की तो पोपड्यांनी सुटतो. पॉलिश पेपरने रंग झिजतो, मेणाने सुटतो; या दोन खुणा वेगळ्या दिसतात आणि खऱ्या दारावर दोन्ही असतात. भेगाळलेला रंग हवा असेल तर मधे सरसाचा थर देतात. वरचा पाण्याचा रंग वाळताना खालचा सरस त्याला ओढतो आणि रंग तडकतो. मी ते एखाद्या कोपऱ्यात ठेवतो. सबंध दार तडकवलं की ते उन्हात तापलेल्या तळ्याच्या तळासारखं दिसतं, दार वाटत नाही.

एवढा खटाटोप कशाला, तर गुळगुळीत चकचकीत दाराला पहिला ओरखडा पडला की घरातल्यांचा जीव हळहळतो. या दारावर नवा ओरखडा बाकीच्यांत मिसळून जातो. सायकल टेकवा, कुत्र्याला नखं घासू द्या. माझ्यासाठी खरं कारण हेच आहे, दिसणं त्याच्या मागून येतं.

बाहेरच्या दाराची मात्र जास्त काळजी घ्यावी लागते, कारण रंग उडवलेल्या जागी लाकूड उघडं असतं आणि तिथून पाणी शिरतं. वरून मॅट वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत, पण मेण राहिलेल्या जागा आधी मिनरल टर्पेंटाइनने पुसून, नाहीतर वॉर्निशही सुटेल. आणि सगळ्यात जास्त पाणी पितात ती फळ्यांची कापलेली खालची टोकं. तिथे ना जुनेपणा ना कलाकुसर. दार उभं करायच्या आधी आडवं ठेवून ती कड पुरती बंद करायची, पिणं थांबत नाही तोवर वॉर्निश देत राहायचं. दार एकदा बिजागरीवर चढलं की तिथे ब्रश पोचत नाही.