आबांचा पाय

सकाळी साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजचं शटर वर करत होतो, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. "आज आमचे आबा गाडी घेऊन येतील. गाडीत काही नाही, दोन ठिकाणी दाखवून झालंय. तुम्ही बघितल्यासारखं करा आणि त्यांना जरा समजावा. वय झालंय, पायाचा अंदाज गेलाय, आता गाडी विकून टाकू." मी "आधी गाडी बघतो" एवढंच म्हणालो.

दहाच्या सुमाराला आबा आले. २००१ची पांढरी एस्टीम, दोनदा पासिंग वाढवून घेतलेली, आतून लख्ख. शेजारी आजी. दोघं आठवड्यातून एकदा बामणोलीकडच्या गावी जातात, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढणं आणि उतरणं ठरलेलं. गाडी दारात थांबताना मला एक गोष्ट दिसली. ब्रेक लागायच्या आधीच आजींनी खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"मिस्तरी, नुसतं बोट लावलं तरी धरती," आबा म्हणाले. "ही म्होरं आपटती. आन पोरगं म्हनतं, तुमाला एसटीच्या ब्रेकची सवय."

आबा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यात कितीतरी वर्षं मेढ्यावरून केळघर घाटानं महाबळेश्वर. त्यांच्या पोराचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. एसटीला हवेचा ब्रेक. तिथं पेडल म्हणजे हवेचा व्हॉल्व्ह, पाय जरा जास्त गेला की उभे प्रवासी एकमेकांवर पडतात. भरलेली गाडी केळघरात रोज कुणाला न पाडता आणणाऱ्याचा पाय जड कसा असेल? पण नुसत्या विश्वासावर दुरुस्ती होत नाही, दोष सापडावा लागतो.

गोडोलीतून पोवई नाक्यापर्यंत मी स्वतः चालवून आणली. काही नाही. पेडल नेहमीसारखं, गाडी सरळ थांबत होती. मग एकेक संशय घेतला. मागचे ड्रम उघडले. व्हील सिलिंडर गळून ब्रेकच्या बुटावरच्या लायनरवर ऑइल आलं की पुढचा बूट ड्रमबरोबर स्वतःलाच आत ओढून घेतो आणि ब्रेक एकदम झडप घालतो. लायनर कोरडे होते. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. कुणी चुकून इंजिन ऑइल टाकलं असेल, तर झाकणातलं रबर सगळ्यात आधी फुगतं, आणि तेच आत सिलिंडरच्या रबरांचंही होतं. रबर ठीक होतं. बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणारा डबा, तोही तपासला. इंजिन बंद करून पेडल सात-आठ वेळा मारलं, मग दाबून धरून स्टार्टर मारला. पेडल जरासं खाली गेलं, म्हणजे बूस्टर चालू. पेडलला वरचा मोकळा खेळही होता.

आधीचे दोघं इथंच थांबले असणार. मीही थांबलो असतो, पण हात पुसता पुसता विचारलं, "आबा, सकाळी घरातून निघताना कसं असतं?"

"तवा बेस असतं. घाट उतरून आलो की मग."

हे त्यांनी आधीच्या दोघांनाही सांगितलं होतं. ऐकलं कुणी नव्हतं.

लगेच तिघं निघालो. चालवायला मी. यवतेश्वरपर्यंत चढलो, गाडी वळवली आणि उतरायला लागलो. पहिली दोन वळणं नीट गेली. मग पेडल पायाखाली वर येत गेलं. आधी दोन बोटं खाली जात होतं, ते एका बोटावर आलं, मग बूट टेकवला न टेकवला तोच गाडी नाक खाली घालून थबकायला लागली. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मागच्या सीटवरून आजी "अगं आई गं" म्हणाल्या. पाय माझा होता, आबांचा नव्हता.

समर्थ मंदिराच्या अलीकडे सपाट जागा बघून गाडी बाजूला घेतली. न्यूट्रलमध्ये टाकून मी आणि आबांनी ढकलली. जागची हलेना. तापलेल्या पॅडचा करपट वास सुटला होता. एकच चाक तापलं असतं, तर पॅड दाबणारा कॅलिपर किंवा त्याचा रबरी पाइप धरला असता. इथं चारही चाकांजवळ हात नेवेना, पुढच्या दोन्हींजवळ तर अजिबात नाही. म्हणजे दोष चाकांत नव्हता, चौघांच्या वर कुठंतरी होता. इंजिन बंद केलं, पेडल मारून बूस्टरमधली ओढ संपवली. तरी ब्रेक सुटेना. बूस्टरचा जोरही यातून वगळला गेला.

बॉनेट उघडलं आणि सकाळीच दिसलेली गोष्ट आता समजली. धुळकट इंजिनात मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोरानं चारही चाकांकडं ऑइल ढकलणारा भाग, तेवढा कोरा करकरीत.

"हा कधी बदलला?"

"दिवाळीत. ऑइल गळत हुतं."

"आणि त्रास?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. "त्याच्या नंतरच की."

मागच्या चाकांना दगड लावले. मास्टर सिलिंडर बूस्टरला दोन नटांवर धरलेला असतो. पाइपांना हात न लावता ते दोन नट दोन-तीन आटे सैल केले. सिलिंडर आपसूक किंचित पुढं सरकला. दगड काढले, आबांनी दाराला खांदा लावला, आणि गाडी निघाली.

सिलिंडरमध्ये टाचणी जेमतेम जाईल एवढं एक भोक असतं. पाय उचलला की पिस्टन मागं येतं, ते भोक उघडं पडतं आणि तापून फुगलेलं ऑइल तिथून डबीत परत जातं. बूस्टरमधली दांडी पिस्टनला जरा जरी रेटून बसली, तर पिस्टन पूर्ण मागं येत नाही आणि भोक झाकलेलंच राहतं. ऑइल फुगलं की जाणार कुठं? ते पॅडना दाबतं, पॅड घासून आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. गार गाडीत याचा मागमूस नसतो, म्हणून नाक्यापर्यंत चालवून काहीच कळत नाही. आणि पेडलचा मोकळा खेळ हा बूस्टरच्या अलीकडचा, दांडी पलीकडची. अलीकडचं ठीक म्हणून पलीकडचं ठीक, असं नसतं. नवीन सिलिंडरच्या पिस्टनचा खळगा जुन्यापेक्षा उथळ होता. बसवणाऱ्यानं दांडीचं माप घेतलं नव्हतं. हे माप न घेता सिलिंडर बसवणं मला माफ करण्यासारखं वाटत नाही, घाट उतरणाऱ्या गाडीला तर नाहीच.

गॅरेजला येऊन गाडी गार होऊ दिली. शेजारच्या खानावळीतून लिंबाएवढी कणीक मागवली, तेल न लावलेली, कारण तेलाचा थेंबही या रबरांना चालत नाही. सिलिंडर काढला, कणीक पिस्टनच्या खळग्यात बसवली, सिलिंडर पुन्हा आवळला, पुन्हा उघडला. मधोमध कणकेतून पार धातू दिसत होता. दांडीच्या टोकाचा नट थोडा आत फिरवला, परत कणीक, परत आवळणी. आबा स्टुलावर बसून प्रत्येक वेळी वाकून बघत होते. चौथ्या खेपेला पोळीच्या पापुद्र्याएवढी कणीक शिल्लक राहिली. तेवढीच फट हवी होती. खळगा स्वच्छ पुसला, सिलिंडर कायमचा बसवला, नवीन डॉट-३ ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. पुढचे पॅड तापून काचेसारखे झाले होते, तेही बदलले.

चारच्या पुढं पुन्हा घाट. या वेळी चाव्या आबांच्या हातात दिल्या आणि मी मागं बसलो. उतरताना दुसरा गिअर, इंजिनाच्या जोरावर गाडी धरलेली, ब्रेक फक्त वळणाच्या तोंडावर, तोही हळूच देऊन हळूच सोडलेला. एवढी हलकी उतरलेली गाडी मी फार वेळा पाहिलेली नाही. पुण्याच्या फोनचं मी काही बोललो नव्हतो, पण आबांना ते ठाऊक असावं. अर्ध्या घाटात ते आरशात माझ्याकडं बघून म्हणाले, "पोराला तुमीच सांगा, मिस्तरी. माझं खरं वाटायचं न्हाई त्याला." मी तिथूनच फोन लावला आणि बिघाड काय होता, कुणाच्या हातचा होता, सगळं नीट सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आबांना द्या." मी म्हटलं, "गाडी चालवतायत. खाली उतरलो की देतो."

सकाळच्याच जागेवर आबांनी गाडी उभी केली आणि न्यूट्रलमध्ये टाकली. मी चाकांजवळ हात नेला. कोमट. आजी खाली उतरल्या, मागं गेल्या, पदर खोचला आणि डिकीवर एक तळवा टेकवून ढकललं. गाडी सरकली. त्यांनी दोन पावलं पुढं जाऊन आणखी एकदा ढकलली.

"अगं बास की," आबा खिडकीतून म्हणाले, "बस आता गाडीत."